थोरल्या साडूंची गोड मिरची

पृथ्वीच्या पाठीवर जे जे काही लाल आणि खाण्यासारखं आहे, ते ते कधी ना कधी निपाणीवरून गेलेलं आहे, अशी आमच्या थोरल्या साडूंची पक्की समजूत आहे. साडू हे नातंही मोठं चमत्कारिक. दोन बहिणींनी वडिलांच्या सांगण्यावरून केलेल्या दोन चुका जन्मभर एकमेकींशी ताडून बघायच्या असतात, आणि त्या दोन चुकांचं आपसातलं नातं म्हणजे साडू. त्यातली थोरली चूक म्हणजे हे. गाव त्यांना अण्णा म्हणतं, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. चाळीसेक वर्षं ते निपाणीतल्या एका वखारीत तंबाखूचा वास घेऊन त्याची प्रत ठरवायचं काम करत होते. मी हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. त्यामुळे गाव मला सर म्हणतं, आणि अण्णा तोच शब्द असा काही उच्चारतात की त्यात शिक्षणखात्याचा एकूण निकाल लागून जावा.

त्यांच्या नाकाबद्दल मी काही बोललो तर ते मत्सरातून बोलतो असं घरात धरलं जाई, आणि ते खरंही होतं. चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा, डोळे मिटून नाकाशी न्यायचा आणि म्हणायचं, "सदलग्याचा. नदीकाठचा तुकडा. दोन राती दवात पडलाय, मालक कबूल करणार न्हाय." मालक समोरच उभा असे आणि खरोखरच कबूल करत नसे, पण चेहरा पडायचा. स्वतः अण्णांनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही की चिमूट तोंडात टाकली नाही. जैन घरातला माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणारा, पाणी गाळून पिणारा. व्यसनं सगळी नाकापुरती. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा स्टँडमागे एक सिगारेट ओढून, वर बडीशेप आणि दोन वेलदोडे चावून गेलो होतो. पोहे हातात आले तोच कोपऱ्यातून हे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पावणं सिगारेट वडून आल्यात. वर वेलदोडा खाल्लाय, पर साल काढली न्हाय." माझं लग्न त्यामुळे सहा महिने लांबलं, आणि ते ठरायच्या आधी मला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मूर्तीसमोर हात जोडून शपथ घ्यावी लागली. घर तंबाखूवर चालवणाऱ्या माणसाने एका सिगारेटीसाठी मला असा उघडा पाडावा, हे मी तीस वर्षं विसरलो नव्हतो.

तापाची ती मोठी साथ सरली आणि अण्णांनी वखारीचं काम एकाएकी सोडलं. कारण विचारलं तर "वय झालं" म्हणाले. आम्ही समजलो, वखारीच्या मालकाशी वाजलं असणार. घरी बसलेला अण्णा हे संकट आता कुणाच्या घरावर जाऊन पडतं याचा आम्ही विचार करत होतो, तेवढ्यात त्यांची मुलगी हंगेरीहून सुट्टीला आली. ती तिथे कंपनीत नोकरीला आहे. येताना तिने बापासाठी एक लाल पत्र्याचा डबा आणला. त्यात होती गोड मिरचीची पूड. पाप्रिका. दिसायला आपल्या तिखटाहून लाल, आणि जिभेवर ठेवली तर तिखटपणाचा पत्ता नाही. मी चाखली आणि म्हणालो, "ही मिरची नव्हे, अण्णा. हा मिरचीचा फोटो आहे." सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. डबा मांडीवर घेऊन ते त्यावरची अक्षरं न्याहाळत बसले होते.

"ह्यो शब्द काय गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"एदेश-नेमेश. म्हणजे गोड आणि खानदानी."

"नेमेश," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सर, माझ्या चुलतभावाच्या पोराचं नाव काय हाय?"

"नेमेश," मी नाइलाजाने म्हणालो.

"मग झालं तर."

एवढ्या पुराव्यावर हंगेरी देश त्या दुपारी अण्णांच्या भावकीला जोडला गेला. मी इतिहासाचा माणूस, मला राहवेना. मी त्यांना सांगितलं, की मिरची मुळात अमेरिका खंडातली, ती स्पेनच्या जहाजांनी युरोपात नेली, पोर्तुगिजांनी गोव्यात आणली आणि हंगेरीत ती तुर्कांबरोबर पोचली. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "गोव्यात उतरली म्हणतासा न्हवं? मग गोव्यातनं वर यायला वाट कुठली? आंबोली. आंबोली चढलं की आजरा, संकेश्वर, मग निपाणी. हितनं ती तुर्कांनी नेली." तुर्क निपाणीत कधी आले होते, असं मी विचारलं. "यायला कशाला पायजेत? माल जातोय, माणूस जागच्या जागी ऱ्हातोय. त्यावेळी कोगनोळीला हद्दीचा नाका न्हवता, म्हणून सुखानं गेली. आता जायची म्हटली तर हिकडचं म्हणतील कन्नडात कागद दाखव, पलीकडचं म्हणतील मराठीत दाखव, आणि मिरची तितंच नासून जाईल." वाईट याचं वाटतं, की त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. मिरची हिंदुस्थानातूनच आली असं युरोपातल्या काही जुन्या पंडितांनाही वाटत होतं, हे बोलण्याच्या ओघात मीच त्यांना सांगून बसलो. तेव्हापासून ते पंडित अण्णांचे झाले आणि मी एकटा पडलो.

मग सुरू झाला गोड मिरचीचा काळ. मुलीला फोन करकरून त्यांनी सगळं विचारून घेतलं. मिरचीचा जाळ बियांच्या मुळाशी असलेल्या पांढऱ्या शिरांमध्ये असतो, म्हणून हंगेरीतल्या बाया पूर्वी एकेक वाळलेली मिरची चिरून तिच्या बिया आणि शिरा काढत. पुढे तिथे मुळातच तिखट नसलेलं झाड हाती लागलं आणि त्याचं बी पसरलं. स्पेनमधले लोक मिरची ओकाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, म्हणून तिला धुराचा वास. हे सगळं अण्णा कोल्हापूरच्या बसमध्ये शेजाऱ्याला सांगत, लग्नात अक्षता टाकता टाकता सांगत, मयताच्या घरी दोन मिनिटं गप्प बसून तिसऱ्या मिनिटाला सांगत. खिशात सुपारीच्या डबीत पूड असे. ती ते पिठल्यावर घालत, उप्पिटावर घालत, एकदा माझ्या चहाच्या बशीच्या काठावर ठेवून "नुसता वास घ्या" म्हणाले. आक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, हिला फोडणी करायला शिकवायचंही त्यांनी सोडलं नाही. "आधी पातेलं खाली उतर, मग पूड घाल. हिच्यात साखर असतीया, करपून कडू होतीया." आक्का म्हणाली, "चाळीस वर्सं फोडणी घालतो मी. तवा हंगेरी कुठं हुती?" पण पातेलं तिने खाली उतरवलं. या पुडीचा मूळ हंगेरियन पदार्थ मांसाचा. तो अण्णांच्या घरात पनीरचा झाला. दर रविवारी सूर्य मावळायच्या आत आम्ही तो लालभडक पदार्थ गिळायचो आणि वर त्याच्या चवीचं वर्णन ऐकायचो. "आधी वाळल्या टोमॅटोचा वास, मागनं मनुक्याचा, आणि अगदी शेवटाला तापल्या तेलाचा भास." माझ्या नाकाला पनीरचाच वास यायचा. तसं मी म्हणालो, तर ते म्हणाले, "तुमचं नाक पुस्तकात ऱ्हायलंया, सर."

त्यांनी मुलीकडून बी मागवून गच्चीवर कुंड्यांत झाडं लावली. पहिल्या वर्षी मिरच्या खरोखर गोड आल्या. अण्णांनी त्यांचं बी धरलं आणि दुसऱ्या वर्षी तेच पेरलं, तर मिरची अशी जाळ निघाली की चाखायला बोलावलेला पोस्टमन पायरीवर बसून राहिला. शेजारच्याच कुंडीत आक्काच्या संकेश्वरी मिरच्या होत्या, दोन्हींचा संकर झाला होता. मी म्हणालो, "काय अण्णा, खानदानी बिघडली." ते म्हणाले, "सीमाभागातलं झाड हाय सर, दोन्हीकडचं बोलणारच." मग त्यांनी झाडांचा नाद सोडला आणि ब्याडगी मिरची धरली. ती मुळात रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. तिच्या बिया आणि शिरा हाताने काढायच्या, पुन्हा उन्हात घालायच्या आणि कांडपवाल्याकडे समोर उभं राहून सावकाश कांडून घ्यायच्या. या कामाला रविवारी मला बसवण्यात आलं. तासाभराने मी विसरून डोळा चोळला. मी न्हाणीत पाण्याचे हबके मारत होतो आणि बाहेरून अण्णा सांगत होते, "बघा, शिरंत किती जाळ असतोय ते आता पटलं का?"

त्यांची एक सवय मला विशेष खटके. पूड नाकाशी नेण्याआधी ते ती आधी दुसऱ्याला हुंगायला लावत. "बोला, काय वाटतंय?" समोरचा काही तरी चाचरत बोले. मग अण्णा डोळे मिटून, मान हलवून, त्याचं म्हणणं खोडून काढत. मला हा शुद्ध उद्धटपणा वाटे. आणि कळस केला तो माझ्या निवृत्तीच्या सत्कारात. माझ्याबद्दल दोन शब्द बोलायला उठले आणि वीस मिनिटं मिरची हिंदुस्थानातून हंगेरीला कशी गेली ते सांगितलं. शेवटी म्हणाले, "हे सरांना मान्य न्हाय. पर त्यांनी चांगली नोकरी केली." माझे विद्यार्थी टाळ्या वाजवत होते.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं.

संधी लौकरच आली. बेळगावचे एक मसाल्याचे व्यापारी, तंबाखूच्या दिवसांपासून अण्णांचं नाक ओळखणारे, त्यांची पूड बघायला येणार होते. गोव्यातल्या हॉटेलांना त्यांना गोड मिरची पुरवायची होती. अण्णांनी रविवारी सगळ्या सोयऱ्यांना बोलावलं, सतरंज्या घातल्या, मधोमध पाटावर तो लाल डबा ठेवला. तोपर्यंत त्यात त्यांचीच पूड भरलेली असे. माझ्या बायकोने कुंड्या रंगवायला गेरू आणला होता. मी सकाळीच मदतीच्या निमित्ताने गेलो, डबा रिकामा केला आणि त्यात गेरू भरला. रंग हुबेहूब. कुणी हुंगलं की मातीचा वास लागलीच कळावा, अण्णांनी पहिल्यांदा दचकावं, मग माझ्याकडे बघावं, एवढीच माझी अपेक्षा होती. तीस वर्षांपूर्वीच्या त्या वेलदोड्याची फेड व्हावी, बस्स.

शेट आले, टेकले. "अण्णांच्या नाकानं पास केलं की मी डोळे मिटून घेणार," ते म्हणाले. नेहमीप्रमाणे अण्णांनी डबा आधी त्यांच्याकडे सरकवला. मी मध्ये हात घातला. "आज पहिला मान अण्णांचा." सगळ्यांनी मान डोलावली. अण्णा क्षणभर थांबले. मग त्यांनी झाकण उघडलं, चिमूट तळहातावर घेतली, चोळली, नाकाशी नेली, डोळे मिटले.

"आधी वाळल्या टोमॅटोचा," ते म्हणाले. "मागनं मनुका. आणि शेवटाला तापल्या तेलाचा भास. ह्या खेपेला मनुका जरा जास्त उतरलाय."

मला हसू आवरेना. मी डबा शेटच्या हातात दिला. त्यांनी हुंगलं, बोटांत चोळून पाहिलं, पुन्हा हुंगलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, इदु केम्मण्णु." आणि सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत, "ही लाल माती हाय. गेरू."

हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. अण्णांनी शेटच्या हातून डबा परत घेतला आणि नाकाशी नेला. खोल श्वास घेतला. थांबले. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा तर त्यांनी नाक जवळजवळ डब्यात घातलं आणि बाहेर काढलं तेव्हा शेंड्याला लाल माती लागली होती. वीज गेल्यावर माणूस तेच बटण दोनदा-तीनदा दाबून बघतो, तसं ते चाललं होतं. माझं हसणं तिथेच थांबलं, पण बाकीच्यांचं चालू होतं.

मग अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. नाक पुसलं, आणि सगळ्यांकडे वळून नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "मला आधीच कळलंतं. सरांनी गेरू भरलाय. म्हटलं, मनुका-बिनुका सांगून बघू, कोण कोण मान डोलवतंय. एकटे शेट पास झाले."

आता लोक आणखीच हसले, पण अण्णांबरोबर. शेट तर एवढे खूश झाले की त्यांनी खऱ्या पुडीचा नमुना नीट बघितलाही नाही. माल घेतो म्हणाले, अट एकच. प्रत्येक खेपेचा माल अण्णांनी स्वतः हुंगून पास करायचा.

आक्का दारात उभी होती. "सर, जरा आत या," ती म्हणाली.

आत पनीर रटरटत होतं. तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे न बघता बोलली. "त्यांना वास येत न्हाय."

"कधीपासून?"

"साथीत ताप आलता तवापास्नं. आमचा समद्यांचा गेलता, महिन्यात परत आला. त्यांचा आला न्हाय. वखारीत चार दिवस अंदाजानं काम केलं. पाचव्या दिवशी चुकलं, कुणाला कळायच्या आत सोडून आले. दूध लागलं तरी कळत न्हाय त्यांना, गॅस चालू ऱ्हायला तरी कळत न्हाय. मी घर सोडून कुठं जात न्हाय ते त्याच्यापायी."

"मग ही मिरची?"

"तंबाखूतलं ह्या गावात धा माणसांना कळतंय," आक्का म्हणाली. "त्या मिरचीतलं कुणाला कळतंय? कुणी चूक काढायचं न्हाय. म्हणून धरली."

जन्मभर मी पोरांना सांगत आलो, की पुरावा बघा, मग बोला. इथे पुरावा दर रविवारी माझ्यासमोर मांडून ठेवला जात होता आणि मी त्यावर कोट्या करत होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अण्णा मात्र दोनदा वाढून घेऊन जेवले आणि शेटना वाळल्या टोमॅटोबद्दल सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. अण्णा गच्चीवर मिरच्या पसरत होते. माफी कशी मागायची याचा मी जिन्यावर सराव केला होता, पण त्यांनीच विचारलं, "गेरू कुठनं आणलासा?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून."

"जुना असंल. जुन्या गेरवाला वास कमी येतोय."

"व्हय अण्णा," मी म्हणालो. "जुनाच होता."

त्यांचे हात थांबले. "आक्कानं सांगितलं म्हणायचं."

"छे. कशावरून?"

"तीस वर्सांत तुमी मला एकदा तरी बरोबर म्हटलंय का?"

मी पाटी जवळ ओढून मिरच्या पसरू लागलो. खालून कुणाच्या तरी रेडिओवर कन्नड बातम्या चालल्या होत्या. थोड्या वेळाने ते म्हणाले, "शेटला माल जायाचा पुढच्या आठवड्यात. व्हय म्हटलं खरं, पर पास कोण करायचा?"

"मी हुंगतो."

"तुमी?" त्या एका शब्दात माझं सगळं नाक त्यांनी काढून घेतलं. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी एक मिरची मोडून माझ्या नाकाखाली धरली. "बोला."

"मिरचीसारखा येतोय."

"मिरचीला मिरचीसारखा येतोय. लई शिकल्यासारखं बोललासा. नीट सांगा. सुका का ओला? घशात जातोय का नाकातच ऱ्हातोय? कशासारखा?"

तेव्हापासून दर आठवड्याला मी त्यांच्या गच्चीवर शिकवणीला जातो. या वयात मला कुणी इतकं झापलेलं नाही. एकदा एका पोत्याबद्दल मी म्हणालो, "पाऊस लागलेल्या गोणपाटासारखा काही तरी येतोय." अण्णांनी ते पोतं तळापासून उपसलं, खाली खरोखरच ओल निघाली. शेटना फोनवर त्यांनी ऐटीत सांगितलं, "एक पोतं मी नापास केलं." माझ्याकडे बघून डोळा मारतील असं वाटलं होतं. नाही मारला. गावात त्यांच्या नाकाची कीर्ती अजून तशीच आहे, किंबहुना त्या गेरूच्या गोष्टीने वाढलीच आहे. लोक मला ती सांगतात आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकतो.

परवा माल बांधून झाला आणि मी निघालो. अण्णा दारापर्यंत आले, हे ते सहसा करत नाहीत. मी चपला पायात सरकवल्या, तर म्हणाले, "सर, एक इचारू? आमच्या घरात शिरताना कसला वास येतोय?"

मला शिकवणीची सवय झाली होती. मी उंबऱ्याशी उभा राहिलो, श्वास घेतला आणि जमेल तसं सांगत गेलो. आधी उन्हात तापलेल्या फरशीचा. मग भिंतीत कुठे तरी मुरलेला जुना तंबाखू, अगदी पुसट. आतून तुपाच्या दिव्याचा. लाकडी कपाटाचा. आणि सगळ्यावरून एक तेलाचा, हिरवट, पाला कढवल्यासारखा. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. एकदाही मला त्यांनी खोडलं नाही.

"त्यो तिचा," ते स्वयंपाकघराकडे मान करून म्हणाले. "माक्याचं तेल घरात कढवून लावतीया. पूर्वी ती मागनं गेली तरी मला कळायचं." थोडे घुटमळले. "अजून माक्याचंच हाय का बदललंय? इचारलं तर नुसती हसतीया. आत जाऊन नीट बघून येतासा?"

मी चपला काढल्या आणि पुन्हा आत गेलो.